पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

मुलगी नर्सिंगला जायला निघाली की घरच्यांना पहिली काळजी असते ती रक्ताची. जखम पाहून चक्कर येईल का, इंजेक्शन देताना हात थरथरेल का, रात्रपाळी झेपेल का, असे प्रश्न आईच्या मनात येतात. ही भीती पहिल्या वर्षातच ओसरते. खरी धास्ती वाटते ती पुढे, जेव्हा वेळापत्रकात 'मानसिक आरोग्य परिचर्या' हा विषय येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या सध्याच्या अभ्यासक्रमात बीएस्सी नर्सिंगला तो तिसऱ्या वर्षी, पाचव्या आणि सहाव्या सत्रात असतो. जीएनएमच्या मुलींना तो दुसऱ्या वर्षी शिकावा लागतो. 'आता वेड्यांच्या इस्पितळात जाणार का?' हा प्रश्न घरून फोनवर याच सुमारास येतो.

जयपुरात शिकणाऱ्या मुलींना यासाठी सेठी कॉलनीतल्या मनोचिकित्सा केंद्राचे नाव ठाऊक असते. सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले हे केंद्र. शहरातूनच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांतूनही इथे रुग्ण येतात. राजस्थानात नर्सिंग शिकणारे तरुणही पुष्कळ आहेत, त्यामुळे वॉर्डात मुली आणि मुलगे अशी दोघांचीही तुकडी दिसते. पण धास्ती सर्वांची एकच. शल्यचिकित्सेच्या वॉर्डात करायला हाताला काम असते. इथे तापमापक नाही, पट्टी नाही, मलम नाही. समोर एक माणूस आहे आणि त्याच्याशी बोलायचे आहे.

या विषयाचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न म्हणूनच इतर विषयांपेक्षा वेगळा ठरतो. पाठांतर करून लेखी परीक्षेत गुण मिळतीलही. मात्र वॉर्डात पाठांतर पहिल्याच दिवशी उघडे पडते.

शब्द आधी नीट समजून घ्या

सुरुवात व्याख्यांपासून करावी लागते, त्याला पर्याय नाही. पण प्रत्येक व्याख्येला आपल्या ओळखीचे उदाहरण जोडले तर ती विसरत नाही. अंधारात दोरी पाहून साप वाटला, तर तो भ्रम. तिथे काहीतरी होते, त्याचा अर्थ चुकीचा लागला. दोरीही नाही, काहीच नाही, तरी साप दिसतो, तो भास. आणि 'शेजारी माझ्या खोलीत रोज साप सोडतात' ही समजूत पुरावा दाखवूनही जर ढळत नसेल, तर तो संभ्रम. तीन शब्द आणि एकच साप. असे कोष्टक स्वतः केले, तर परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत बसावे लागत नाही.

संभ्रमाच्या व्याख्येत एक महत्त्वाची अट असते. ती समजूत त्या माणसाच्या समाजात सर्वसाधारणपणे मानली जाणारी नसावी. ही अट पुस्तकात एका ओळीची आहे, पण जयपुरात तिचे मोल कळते. जयपूरहून आग्र्याच्या वाटेवर, शंभरएक किलोमीटरवर मेहंदीपूर बालाजीचे देवस्थान आहे. 'ऊपरी हवा' लागली असे मानून हजारो कुटुंबे आपल्या माणसाला तिथे घेऊन जातात. महाराष्ट्रातही बाहेरची बाधा, अंगात येणे हे शब्द कुणाला नवे नाहीत. तेव्हा रुग्णाची सासू 'हिला हवा लागली' असे म्हणते, म्हणून सासूला संभ्रम झाला असे लिहून चालत नाही. ती आपल्या समाजाची भाषा बोलत असते. तिला हसणारी विद्यार्थिनी ते कुटुंब गमावते, आणि कुटुंब गेले की औषधेही बंद पडतात.

बोलीचा अभ्यास हाही अभ्यासच

मराठी घरातल्या मुलीला हिंदी येते, पण वॉर्डातली हिंदी सिनेमातल्या हिंदीसारखी नसते. 'नींद कोनी आवै' म्हणजे झोप येत नाही. 'जी घबरावै' म्हणजे जीव घाबरा होतो. उदास वाटते, असे सरळ सांगणारे रुग्ण थोडेच. डोके जड आहे, छातीत काहीतरी होते, हातापायात दम नाही, अशाच तक्रारी पुढे येतात. हुशार विद्यार्थिनी वहीची मागची चार पाने अशा शब्दांसाठी राखून ठेवते. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, त्याच्यासमोर अर्थ लिहायचा. महिनाभरात तो तिचा स्वतःचा शब्दकोश होतो.

मानसिक स्थितीची तपासणी हा या विषयाचा कणा. पेहराव, वागणे, बोलणे, मनःस्थिती, विचार, आकलन, स्मरण, निर्णयशक्ती, स्वतःच्या आजाराची जाण, असा तिचा क्रम असतो. हा क्रम पाठ करणे सोपे. पण प्रश्न कसे विचारायचे, यात खरी परीक्षा असते. शंभरातून सात वजा करत जा, असे न शिकलेल्या बाईला विचारून काय उपयोग? तिला बाजारातला हिशेब विचारावा. वीस रुपयांतून तीन रुपये दिले तर किती उरले, त्यातून आणखी तीन दिले तर? अमूर्त विचार तपासण्यासाठी म्हणीचा अर्थ विचारतात. इथे मराठी मुलीचे काम सोपे होते. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही आपली म्हण 'नाच न जाने आँगन टेढ़ा' अशी हिंदीतही आहेच. रुग्णाने 'अंगण सरळ करून घ्यावे' असे उत्तर दिले तर ते शब्दशः टिपून ठेवायचे. मात्र एवढ्या एका उत्तरावर निष्कर्ष काढायचा नाही. शिक्षण किती झाले आणि ही म्हण त्याने पूर्वी ऐकली होती का, हेही पाहायचे.

काळाचे भान तपासताना तर मराठी विद्यार्थिनी हमखास अडखळेल अशी एक जागा आहे. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून जयपुरात 'सावन' लागतो, कारण उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. मराठी पंचांगात त्या वेळी आषाढ वद्य पक्ष चालू असतो. श्रावण यायला दिव्यांची अमावस्या उलटावी लागते. 'कोणता महिना?' या प्रश्नाला एखाद्या आजीने 'सावन' म्हटले आणि विद्यार्थिनीच्या मनात आषाढ असला, तर आजीच्या नावापुढे 'काळाचे भान नाही' अशी नोंद होईल. आजी बरोबर, नोंद चूक! ही नोंद पुढे डॉक्टर वाचणार, त्यावरून उपचारांचा विचार होणार. म्हणून तपासणी करणाऱ्याने आधी रुग्णाचे पंचांग, रुग्णाचे गाव, रुग्णाचा बाजार समजून घ्यायला हवा.

संवादाची नोंद: सर्वांत कंटाळवाणे, सर्वांत उपयोगी काम

या अभ्यासक्रमात संवादाची नोंद म्हणजेच प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावे लागते. अनेक जण ते काम शेवटच्या आठवड्यात सीनियरच्या वहीवरून उतरवून काढतात. विषय इथेच हातातून निसटतो. या नोंदीत रुग्ण काय म्हणाला, विद्यार्थिनी काय म्हणाली, त्या वेळी चेहरा आणि हातवारे कसे होते, आणि विद्यार्थिनीला आतून काय वाटले, असे रकाने असतात. बोलताना लिहीत बसू नये, त्याने रुग्ण बिचकतो. बोलणे संपले की त्याच दिवशी, शक्य तर तासाभरातच लिहावे. उद्यावर ढकलले की मूळ शब्द जातात आणि आपलेच शब्द रुग्णाच्या तोंडी घातले जातात.

एक साधे उदाहरण घ्या. रुग्ण म्हणते, 'नींद कोनी आवै.' विद्यार्थिनी घाईने म्हणते, 'सब ठीक हो जाएगा.' बोलणे संपले. धीर दिल्यासारखे वाटले, पण दार बंद झाले. रात्री नोंद लिहिताना हे लक्षात येते आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलतो, 'रात को जागती हैं तो मन में क्या चलता है?' मग कदाचित पंधरा मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर येते. आपण घाईने धीर का दिला? बहुतेक वेळा, समोरचे दुःख आपल्यालाच सोसवत नव्हते म्हणून. नोंदीतला शेवटचा रकाना यासाठीच असतो.

हिल्डेगार्ड पेपलाव या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर पुस्तक लिहिले. आजही जगभरच्या अभ्यासक्रमांत त्यांचे नाव आहे. परिचारिकेच्या भूमिका सांगताना त्यांनी पहिली भूमिका सांगितली ती परक्या व्यक्तीची. आधी दोघेही एकमेकांना परकी असतात, विश्वास हळूहळू जमवावा लागतो. घरापासून दूर, परमुलखात राहणाऱ्या मुलीला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. नात्याची सुरुवात, प्रत्यक्ष काम आणि समारोप हे टप्पे ती स्वतःच्या हॉस्टेलजीवनावरून ओळखू शकते. समारोपाचा टप्पा तर विद्यार्थी नेहमी विसरतात. पोस्टिंग संपले की न सांगता निघून जातात. ज्या रुग्णाला आधीच चार माणसांनी सोडले आहे, त्याला आणखी एक जण सोडून गेल्याचा घाव बसतो. कोणत्या दिवशी जाणार, हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे.

औषधे घोकू नका, जोडा

औषधांच्या लांबलचक यादीने मुली घाबरतात. नावे एकेक करून पाठ करण्याऐवजी गट पाडावेत आणि प्रत्येक गटापुढे 'वॉर्डात मी काय पाहणार?' हा प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, मनोविकारांवरच्या काही औषधांनी मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर खिळतात. काही रुग्णांना एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात. हा दुष्परिणाम आहे हे परिचारिकेने ओळखले नाही, तर 'रुग्णाची अस्वस्थता वाढली' अशी नोंद होते आणि ज्या औषधाने त्रास झाला तेच वाढण्याचा धोका उभा राहतो. एक शब्द किती महाग पडू शकतो, ते इथे दिसते.

लिथियमचेही असेच. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादाच्या आजारात त्याचा उपयोग दाखवून दिला. रक्तातले त्याचे प्रमाण साधारणपणे लिटरला ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट या पट्ट्यात ठेवतात. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. म्हणजे औषध आणि विष यांच्यातले अंतर अगदी थोडे. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की हे प्रमाण चढते. आता हीच माहिती जयपूरला जोडून पाहा. मे-जूनमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच ज्येष्ठ महिन्यात निर्जला एकादशी येते. त्या दिवशी कितीतरी बायका पाण्याचा थेंबही घेत नाहीत. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला 'उपवास करता का, पाणी किती पिता?' असे विचारणे आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घालणे हे परिचारिकेचे काम आहे. हात जोरात थरथरणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे ही लक्षणे अशा गोष्टीशी जोडली, की ती विसरता येत नाहीत. रुग्णाने किंवा घरच्यांनी मात्र भीतीपोटी औषध स्वतःहून बंद करू नये, हेही सांगायला हवे.

पुन्हा वाचण्यापेक्षा पुन्हा आठवा

वॉर्ड करून दमलेल्या मुलीकडे रात्री फार तर दोन तास उरतात. त्यात धडा तीनदा वाचण्याची सवय बहुतेकांना असते. वाचताना सगळे येते असे वाटते आणि कोरा कागद समोर आला की काहीच आठवत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले.

म्हणून धडा एकदा लक्षपूर्वक वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे कागदावर उतरवावे आणि मग राहिलेले तपासावे. दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने तेच पुन्हा करावे. मैत्रिणींनी जोडीने बसून एकीने रुग्ण आणि एकीने परिचारिका व्हावे. 'तो आवाज तुम्हालाही येतो ना?' असे रुग्णाने विचारले तर काय म्हणाल? होकार देणे म्हणजे खोटे बोलणे, वाद घालणे म्हणजे त्याला आणखी एकटे पाडणे. 'मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला भीती वाटते आहे हे मला दिसते,' हे उत्तर दहा वेळा मोठ्याने म्हटल्याशिवाय ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

कायदा हा फक्त पाच गुणांचा प्रश्न नव्हे

कायद्याचे प्रकरण मुली शेवटी ठेवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो समजण्यासाठी कलमांच्या क्रमांकाआधी एक घटना वाचावी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा आसऱ्याला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. आता कायद्यातले 'कोणालाही साखळीने बांधू नये' हे वाक्य वाचले, की त्याचे वजन कळते. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करता येत नाही, रुग्णाला आपल्या उपचारांविषयी आधीच लेखी इच्छा नोंदवता येते, त्याची माहिती गुप्त राखली पाहिजे, हे सारे त्याच कायद्यात आहे.

गुप्ततेचा नियम विद्यार्थ्यांनाही लागू आहे. केस लिहिताना खरे नाव टाळावे, वॉर्डात मोबाइलवर छायाचित्र घेऊ नये, बसमध्ये किंवा मेसमध्ये रुग्णांच्या गोष्टी रंगवून सांगू नयेत. मात्र याच नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. 'कुणाला सांगणार नसशील तर एक सांगते,' असे रुग्ण म्हणते तेव्हा विद्यार्थिनीला तो विश्वासाचा विजय वाटतो. तिथे शपथ घेऊ नये. 'तुमच्या जिवाला धोका असेल तर मला सिस्टरना सांगावे लागेल,' असे आधीच सांगून मग ऐकावे. जीव नकोसा झाल्याची गोष्ट एकट्या विद्यार्थिनीने पोटात ठेवायची नसते. ती त्याच क्षणी वरिष्ठांपर्यंत पोहोचली पाहिजे. जिवाबद्दल विचारल्याने तो विचार मनात येतो हा समज खरा नाही. सरळ, शांतपणे विचारल्याने उलट ओझे हलके होते.

शिकणाऱ्याच्या मनाचे काय?

या विषयाचे एक विचित्र वैशिष्ट्य असे, की धडा वाचता वाचता प्रत्येक लक्षण स्वतःत दिसू लागते. उदासीनतेचा धडा चालू असताना आपण उदास, चिंतेचा धडा चालू असताना छातीत धडधड! वैद्यकीय विद्यार्थ्यांत हा अनुभव फार जुना आहे. त्याला घाबरू नये आणि खोलीतल्या मैत्रिणींची निदानेही करत सुटू नये. पण झोप, भूक, अभ्यास, बोलणे यांवर पंधरा दिवसांहून अधिक परिणाम राहिला, तर मात्र शिक्षिकेशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. काही मुलींच्या स्वतःच्या घरात असा आजार असतो. मामा, आत्या, कधी सख्खा भाऊ. वॉर्डातला एखादा चेहरा त्यांना घरची आठवण करून देतो. ही गोष्ट लपवून कुढत बसण्यापेक्षा शिक्षिकेच्या कानावर घातली, तर पोस्टिंगमध्ये आधार मिळतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. ती रुग्णांसाठी आहे तशी परिचारिकांसाठीही आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांनीही थोडे समजून घ्यायला हवे. 'वेड्यांत राहून तुझे लग्न कसे जमायचे?' हे वाक्य फोनवर सहज निघते, पण मुलीच्या मनात ते वॉर्डापर्यंत जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात राजस्थानही होते, दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येत आपल्याच नात्यातले, आपल्याच गल्लीतले कुणी असणारच. ते कुणी इस्पितळात पोहोचले, तर त्यांच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलणारी व्यक्ती परिचारिकाच असेल.

तेव्हा परीक्षा जवळ आली की व्याख्या, औषधे, कलमे यांची उजळणी करावीच. पण दर आठवड्याला स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा. या आठवड्यात किती धडे झाले, याच्या जोडीला, या आठवड्यात मी कुणाचे बोलणे मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकले? हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत छापलेला नसतो. पण ज्या मुलीकडे त्याचे उत्तर असते, तिच्या बाकीच्या उत्तरांतही खरेपणा उतरतो, आणि पुढे कोणत्याही वॉर्डात गेली तरी रुग्ण तिचीच वाट पाहतात.